चाखणाऱ्याच्या गळ्यातली वाटी

मला पहिल्यांदा पाहणाऱ्याची हमखास गफलत होते. कोणाला मी तान्ह्या बाळाला लापशी भरवायची वाटी वाटते, तर कोणाला चर्चमधले चुकून बाहेर आलेले भांडे. एका बाईंनी मला उलटीसुलटी करून "हिचा चमचा कुठे हरवला?" असेही विचारले होते. मित्रांनो, मी वाइन चाखायची वाटी आहे. चांदीची, उथळ, तळहातात मावणारी. वयाने आता शंभरीला टेकले आहे. अंगावर चार पोचे आहेत आणि तळ इतका झिजला आहे की नखाने टिचकी मारली तर आवाजही बारीक येतो.

चमच्याची गोष्ट मात्र अगदीच खोटी नाही, कारण मी जन्माला आले ती चमच्यांतूनच. फ्रान्समधल्या इरांसी गावातल्या युफ्राझीबाईंना लग्नात चांदीचे सहा चमचे मिळाले होते. त्यांचा मुलगा आन्सेल्म पहिल्या महायुद्धातून परतला आणि त्याने ठरवले की आपण वाइनचे दलाल व्हायचे. गावोगावच्या तळघरांत जायचे, पिंपांतली वाइन चाखायची आणि कोणती घ्यावी ते शहरातल्या व्यापाऱ्यांना सांगायचे. युफ्राझीबाईंनी ते सहा चमचे फडक्यात बांधले आणि जवळच्या ओसेर शहरातल्या चांदीकाराचे दुकान गाठले.

"याची एक वाटी करा," त्या म्हणाल्या.

"सगळ्या चमच्यांची? मग बाई, तुम्ही सूप कशानं खाणार?"

"लाकडाच्या चमच्यानं. सूपला काय कळतंय?"

चांदीकाराने चमचे वितळवले, पत्रा ठोकला, मला आकार दिला. मग त्याने माझ्या पोटात एका बाजूला आठ गोल फुगवटे उठवले आणि दुसऱ्या बाजूला तिरक्या रेघा ओढल्या. हे नुसते नक्षीकाम नव्हते. तळघरात उजेड म्हणजे एक मेणबत्ती. वाइन माझ्यात ओतली की मेणबत्तीची ज्योत त्या फुगवट्यांवर आठ ठिकाणी उमटते, आणि लाल रंग किती गडद, किती नितळ, कडेला विटकरी झाला आहे की अजून जांभळा आहे, ते एका नजरेत दिसते. रेघांची बाजू पांढऱ्या वाइनसाठी असते. पण आमच्या गावात पांढरी वाइन फारशी कोणी करत नसे, त्यामुळे माझी ती बाजू जन्मभर कोरीकरकरीतच राहिली.

आन्सेल्मने मला काळ्या दोरीत ओवून गळ्यात घातले. त्यानंतर तीस वर्षे मी त्याच्या छातीवर लोंबत होते. सदऱ्याच्या आत मला त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येत. तो कधी खरे बोलतो आणि कधी भीड राखतो, हे मला त्याच्या तोंडाआधी कळे.

आमचे गाव एका खोलगट परातीच्या तळाशी बसले आहे. परातीच्या कडा म्हणजे द्राक्षांचे उतार, आणि वेलींच्या मधूनमधून चेरीची झाडे. माती खणली की नखाएवढे दगडी शिंपले सापडतात. इथे कधीकाळी समुद्र होता म्हणतात. मी काही तो पाहिला नाही, पण चांगल्या वर्षी वाइनच्या शेवटच्या घोटात मला किंचित खारट दगडाची चव लागे. वेली मुख्यतः पिनो या लाल वाइनच्या द्राक्षाच्या. त्यात थोडीशी सेझार या काळ्या, राकट द्राक्षाची भर घालतात. आन्सेल्म म्हणायचा, "पिनो बोलतो. सेझार त्याच्या पाठीशी उभा राहतो."

नवी वाइन माझ्यात पडली की आधी चेरीचा वास येई, तोही झाडावरच्या, दाताला थोड्या आंबट लागणाऱ्या चेरीचा. त्यामागे मिरीची चुणूक. सेझार जास्त असेल तर जीभ खरखरीत होईल असा तुरटपणा. तीच वाइन चार वर्षांनी भेटली तर ओळखू येत नसे. चेरीचा मुरंबा झालेला, तुरटपणा मऊ पडलेला, आणि पावसानंतर झाडाखालची पाने उलटली की येतो तसा ओला, मातकट वास.

आन्सेल्म मला नाकाशी नेई, दोनदा हुंगे, घोट घेई, गालांत घोळवी आणि मातीत थुंकून टाकी. दिवसात चाळीस पिंपे चाखली तरी तो सरळ रेषेत चालत घरी येई, कारण त्यातला एक थेंबही त्याने गिळलेला नसे. नंतर तो जे बोले, ते मात्र इतर दलालांसारखे नसे. त्यांचे मोठमोठे शब्द त्याला येत नसत. त्याची बायको मेलानी गावच्या चौकात सहा टेबलांची खानावळ चालवायची, त्यामुळे तो सगळे जेवणाच्या भाषेत सांगे.

"ही अंड्यांची," तो म्हणे. म्हणजे हलकी, ताजी, आजच प्यावी अशी. मेलानी डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, बारके कांदे आणि अळंबी लोण्यात परतून त्यावर अख्खी बाटली लाल वाइन ओते, निम्मी आटवी आणि त्या रश्शात अंडी सोडी. लसूण घासलेल्या पावावर ती अंडी वाढली की टेबलावर कोणी बोलत नसे. त्या अंड्यांसोबत प्यायची ती अंड्यांची वाइन.

"ही रविवारच्या मांसाची," म्हणजे तुरट, अंगापिंडाने भक्कम, तीन तास शिजलेल्या गोमांसापुढे मान खाली न घालणारी. "ही चीजची," म्हणजे जुनी, मऊ. आणि कधीकधी तो डोके हलवून म्हणे, "ही अजून कोणाचीच नाही. दोन वर्षं हिला हात लावू नका."

लोक त्याचा शब्द मानत. "आन्सेल्मच्या नाकाखालून गेली आहे ना? मग झालं," एवढ्यावर सौदे होत. मी तेव्हा रोज मऊ कापडाने पुसली जात असे आणि इतकी चकाकत असे की गावातल्या पोरी माझ्यात केस नीट करून घेत. खरे सांगते, मला थोडा गर्वही झाला होता.

फक्त एक गोष्ट मला खटके. तळघरात बायकांना येऊ देत नसत. बाई पिंपाजवळ गेली की वाइन आंबते, अशी त्यांची पक्की समजूत. आन्सेल्मची मुलगी ओदिल लहानपणी तळघराच्या दारापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. मोठी झाल्यावर ती आईच्या खानावळीत राबू लागली. रोज तिच्या हातून बाटल्यांच्या बाटल्या रश्शात जात. बोट बुडवून, चाटून ती म्हणे, "आई, ही वरच्या उताराची आहे. हिच्यात साखर टाकू नकोस, नुसती आटव." ती बरोबर असे. पण खानावळीतल्या पोरीचे बोट कोण मोजणार?

दुसरे महायुद्ध संपून सहा-सात वर्षे झाली होती. जून महिना होता, चेरी पिकल्या होत्या. आन्सेल्म शिडी लावून झाडावर चढला. शिडी एका अंगाला कलली आणि तो पाठीवर पडला. डोक्याचा मागचा भाग दगडावर आपटला. मी त्याच्या गळ्यातच होते. माझा पहिला पोचा तेव्हाचा.

आठ दिवसांत तो उठून बसला. मेलानीने कॉफी आणून दिली. त्याने पेला तोंडाला लावला आणि थबकला. पुन्हा हुंगले. मग त्याने मला सदऱ्यातून काढले, कॉफी माझ्यात ओतली आणि मला थेट नाकाला टेकवले. त्याचे काळीज इतक्या जोरात धडधडत होते की माझ्यातली कॉफी थरथरत होती.

त्याला वास येत नव्हता. कसलाच नाही.

ओसेरच्या डॉक्टरांनी सांगितले, "आपटल्यामुळे नाकाची नस तुटली आहे. वर्षभरात वास आला तर येईल. नाही तर नाही." जिभेला आंबट, गोड, कडू, तुरट एवढे कळत होते. पण चेरी, मिरी, ओली पाने, हे सगळे नाकाचे काम, आणि ते दार कायमचे बंद झाले होते. घरी येताना बसमध्ये आन्सेल्मने मला मुठीत घट्ट धरले होते. चौकात उतरल्यावर मेलानीने विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?" तो म्हणाला, "ठणठणीत आहे."

मित्रांनो, ते मी ऐकलेले त्याचे पहिले खोटे.

शरद ऋतूत चाखणी सुरू झाली. आन्सेल्म पूर्वीसारखाच मला नाकाशी नेई, दोनदा हुंगे, डोळे मिटे. पाहणाऱ्याला काही फरक दिसत नसे. मला मात्र कळे, की तो आता सगळा भार माझ्यावर टाकत आहे. तो माझ्या आठ फुगवट्यांकडे टक लावून बघे, रंग निरखी, जिभेवर तुरटपणा तोली आणि तीस वर्षांच्या आठवणीवर अंदाज ठोकी. बहुतेक वेळा तो बरोबर ठरे. पण मी चांदीची वाटी. मी रंग दाखवू शकते, वास सांगू शकत नाही.

गास्पार हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. युद्धात दोघे एकाच तुकडीत होते. गास्पारचा मळा पालोतच्या उतारावर, गावातली सर्वांत भक्कम वाइन तिथली. त्या वर्षी पॅरिसच्या एका हॉटेलवाल्याने दहा पिंपे मागितली होती. आन्सेल्मने एकेक करून दहाही चाखली. सातव्या पिंपाला कुबट, बुरशीचा वास होता. लाकडाची एक फळी आतून सडली होती. गास्पारला तो कळला नाही, कारण रोज त्याच ओल्या तळघरात वावरणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावते. बाहेरचे नाक लागते ते त्यासाठीच. पण रंग नितळ होता. चव तुरट आणि स्वच्छ होती.

"पालोतची शान आहे ही," आन्सेल्म म्हणाला. "रविवारच्या मांसाची. दहाही उत्तम."

गास्पारने त्याच्या पाठीवर थाप मारली. मी त्या थापेने हिंदकळले.

नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात दहाही पिंपे पॅरिसहून परत आली. सोबत पत्र होते: पाहुण्यांनी पेले बाजूला सारले, वाइनला भिजलेल्या फडक्याचा वास येतो, चाखलेली वाइन एक आणि पाठवलेली दुसरीच दिसते.

गावाने लगेच निकाल लावून टाकला. खानावळीत पत्ते कुटता कुटता म्हातारा मळेवाला ओनेझिम मोठ्याने म्हणाला, "आन्सेल्मचं नाक चुकेल? शक्यच नाही! गास्पारनंच चाखणीनंतर मागून काहीबाही ओतलंय."

"पण गास्पार असा नाही हो," मेलानी म्हणाली.

"मग आन्सेल्म खोटं बोलला असं म्हणतेस का तू? तुझाच नवरा!"

सगळे हसले. आन्सेल्म कोपऱ्यात बसला होता. त्याने दोनदा तोंड उघडले. मी त्याच्या छातीवर होते, शब्द घशापर्यंत आलेले मला जाणवत होते. दोन्ही वेळा त्याने सूप गिळले आणि शब्दही गिळले.

गास्पारचे पत्ते खेळणे थांबले. त्याच्या बायकोला पावाच्या दुकानात कोणी "सुप्रभात" म्हणेनासे झाले. शेवटी एका दुपारी तो खानावळीत आला, हातात भरलेला जग घेऊन. गिऱ्हाइके जेवून गेली होती. ओदिल आतल्या बाजूला चुलीपाशी होती.

"आन्सेल्म, हे सातव्या पिंपातलं," तो म्हणाला. "मी काही ओतलं नाही रे. तूच चाख. बाकी कोणाचं मला घेणं नाही, तू एकट्यानं म्हण की मी लबाड नाही."

आन्सेल्मने मला पुढे केले. वाइन माझ्यात पडली. त्याने हुंगल्यासारखे केले, घोट घोळवला.

"चांगली आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

"चांगली? मग परत का आली?"

तेवढ्यात आतून ओदिलचा आवाज आला, "बाबा, कोणी भिजलेलं पोतं आणलंय का बाहेर? केवढा कुबट वास सुटलाय!"

 गास्पारने वाइनकडे पाहिले, मग आन्सेल्मकडे. मग जग तिथेच ठेवून तो निघून गेला.

ओदिल बाहेर आली. तिने जग हुंगला. माझ्यात उरलेली वाइन हुंगली. मग ती आत गेली आणि एप्वास चीजची डबी घेऊन आली. मित्रांनो, हे चीज असे असते, की बसमध्ये डबी उघडली तर लोक पुढच्या थांब्यावर उतरतात. तिने बापाला सांगितले, "डोळे मिटा." आणि डबी त्याच्या नाकाखाली धरली.

"काय करतेयस?" तो म्हणाला.

"सांगा, काय धरलंय?"

"...पाव?"

ओदिलने डबी टेबलावर ठेवली. "बाबा," एवढेच तिच्या तोंडून निघाले.

आन्सेल्मने डोळे उघडले, डबी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. "जूनपासून," तो म्हणाला. "तुझ्या आईला सांगू नकोस."

"मला जुलैपासून ठाऊक आहे," दारातून मेलानी म्हणाली. तिच्या हातात धुतलेली ताटे होती. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. दारातून पाऊल टाकलंस की झाकण न उघडता सांगायचास काय शिजतंय ते. जूनपासून एकदाही नाही. मी वाट बघत होते, आज सांगेल, उद्या सांगेल."

"सांगून काय खायचं होतं? माझं नाक म्हणजे आपलं घर होतं!"

"घर खानावळीवर चालतं," मेलानी म्हणाली. "पण ते राहू दे. गास्पारचं काय?"

आन्सेल्मने मला फडक्याने पुसले आणि पुन्हा सदऱ्यात सरकवले.

बावीस जानेवारीला आमच्याकडे संत व्हँसाँचा सण असतो. तो द्राक्षमळेवाल्यांचा संत. सकाळी चर्च झाले की सगळे पुरुष एखाद्या तळघरात जमतात आणि चीजच्या गरम फुगलेल्या पुऱ्यांसोबत नवी-जुनी वाइन चाखतात. त्या वर्षी ओनेझिमच्या तळघरात पाळी होती. गास्पारला बोलावणे नव्हते. आन्सेल्म त्याच्या घरी गेला, त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन आला. मागे ओदिलही होती. ती दाराशी थांबली, तशी आन्सेल्म म्हणाला, "आत ये."

"ए, आन्सेल्म!" ओनेझिम ओरडला. "पोरीला बाहेर ठेव. माझी पिंपं आंबवायचीत का?"

आन्सेल्म मध्यभागी उभा राहिला. त्याचे काळीज मी याआधी कधी असे ऐकले नव्हते. सावकाश, जड.

"गास्पारनं काही ओतलं नव्हतं," तो म्हणाला. "पिंप आधीपासूनच नासलं होतं. मला कळलं नाही. मला जूनपासून वासच येत नाही. मी तुम्हा सगळ्यांना फसवलं. आणि माझ्यामुळे याला तुम्ही लबाड म्हणालात, तेही मी गप्प बसून ऐकलं."

पुऱ्या तोंडाशी नेलेले हात थांबले. मग एकदम कालवा उठला. "म्हणजे माझं पिंपही नुसत्या अंदाजानं सांगितलंस?" "तीन महिने आम्हाला उल्लू बनवलंस?" एक जण कुत्सितपणे हसून म्हणाला, "त्यापेक्षा माझ्या गाढवाला चाखायला लावलं असतं, त्याला निदान वास तरी येतो!"

गास्पार आन्सेल्मकडे बघत राहिला होता. "मला का नाही सांगितलंस?" तो एवढेच म्हणाला. "खंदकात असताना तुझी भीती मला सांगत होतास. मग ही का नाही?"

 आन्सेल्मने गळ्यातली दोरी काढली. तीस वर्षांत झोपेशिवाय पहिल्यांदाच. आणि ती ओदिलच्या गळ्यात घातली.

"आता चाखायला हिला द्या. हिचं नाक माझ्याहून चांगलं आहे. कधीपासूनच होतं."

"बाईमाणूस चाखणार?" ओनेझिम म्हणाला. "वाइन नासेल!"

"माझी वाइन तर पुरुषांनीच नासवली ना?" गास्पार म्हणाला.

कोणीतरी खुदकन हसले. तेवढ्या हसण्याने वाट मोकळी झाली.

ओनेझिमने मुद्दाम चार वेगवेगळ्या वाइन आणवल्या, न सांगता. ओदिलने मला हातात घेतले. तिची बोटे बापापेक्षा बारीक आणि थंड होती. पहिली चाखून थुंकताना तिला नीट जमले नाही, हनुवटीवर ओघळ आला. लोक खिदळले. तिने बाहीने पुसला आणि म्हणाली, "ही अंड्यांची. सेझार अजिबात नाही. उन्हाळ्याच्या आत संपवा."

दुसरी. "ही सशाच्या मांसाला, मोहरी घालून केलेल्या. त्याहून जास्त भार हिच्यावर टाकू नका."

तिसरी तिने तोंडात बराच वेळ ठेवली. "ही पालोतची. गास्पारकाकांची, यंदाची. हिला तीन वर्षं थांबवा, मग बोकडाच्या भाजलेल्या मांडीसोबत वाढा. यात काहीही खोट नाही."

चौथीला ती म्हणाली, "ही दोन पिंपांची मिसळ आहे. एक चांगलं आहे, दुसरं थकलंय. कोणाची आहे?"

ओनेझिमचा चेहरा पडला. ती त्याचीच होती आणि मिसळ केल्याचे त्याने कोणाला सांगितले नव्हते. तो काही वेळ पुटपुटत राहिला, मग पुऱ्यांची परात तिच्यापुढे सरकवून म्हणाला, "खा, खा. उपाशीपोटी चाखू नये."

त्याच दुपारी सगळे गास्पारच्या तळघरात गेले. ओदिलने दहा पिंपे चाखली. नऊ शुद्ध, सातवे नासलेले. ते पिंप अंगणात नेऊन ओतून दिले आणि फळ्या जाळल्या. पॅरिसच्या हॉटेलवाल्याने उरलेली नऊ परत घेतली नाहीत. ती मेलानीच्या खानावळीत दोन वर्षे पुरली. ओदिल पाटीवर रोज खडूने लिही, आज काय शिजले आहे आणि त्यासोबत पालोतच्या कितव्या पिंपातली वाइन. लोक ओसेरहून मुद्दाम जेवायला येऊ लागले.

गास्पार आणि आन्सेल्म पुन्हा पत्ते खेळू लागले. लगेच नाही. त्यासाठी त्या हिवाळ्यातली वेलछाटणी उलटावी लागली.

पुढची वीस वर्षे मी ओदिलच्या गळ्यात होते. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत गजबजलेली वर्षे. सुरुवातीला तिच्या तोंडावर तळघराचे दार लावणारे नंतर तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवू लागले. पण मला त्या मानापेक्षा आठवतात त्या आमच्या घरच्या दुपारच्या पंगती. आन्सेल्म टेबलाशी बसे. ओदिल माझ्यात वाइन ओती, चाखी आणि बापाला सांगू लागे.

"चेरी आहे, बाबा."

"कुठली? झाडावरची की पडलेली?"

"झाडावरची. अगदी टोकाची, जिथे ऊन लागतं."

"हं. आणि मागे?"

"थोडा धूर. लांबून, शेजाऱ्यानं काटक्या पेटवल्यासारखा."

मग तो स्वतः घोट घेई आणि चावल्यासारखा घोळवी. "तुरटपणा सांगायला विसरलीस तू," तो म्हणे. "दाताच्या मागे बसलाय, चांगला. अंड्यांची नाही ही पोरी, मांसाची आहे." आणि बहुतेक वेळा ती पुन्हा चाखून कबूल करे. त्याचे नाक कधीच परत आले नाही. शेवटच्या आजारात तो वाइन पिऊ शकत नव्हता, तरी ऐकायला मागे. तो गेला त्या आठवड्यात गास्पारने पाठवलेल्या बाटलीबद्दल ओदिल त्याला सांगत होती, आणि तो डोळे मिटून मान हलवत होता.

नंतर काचेचे दिवस आले. उंच दांड्याचे, फुगीर पोटाचे पेले. त्यात वास कोंडून राहतो, माझ्यातल्यासारखा उडून जात नाही. ओदिलने प्रामाणिकपणे मान्य केले, "चाखायला पेलाच चांगला." खरेच होते ते, आणि तळघरांतही विजेचे दिवे आले होते. माझ्या फुगवट्यांची गरज संपली. तिने मला पुसून कपाटात ठेवले. तिथून मी तिचा मुलगा मार्सियाल याच्या कचेरीत गेले. त्याच्या टेबलावर मी आधी टाचण्या ठेवायला वापरली गेले, मग सिगारेट विझवायला. ज्या पोटात पालोतची वाइन आठ ज्योतींनी चमकली, त्यात थोटके चुरडली जात. मार्सियाल वाईट मुलगा नव्हता. त्याला फक्त मी कोण आहे याचा विचार करायला वेळ नव्हता. कपाटातली धरून अशी चाळीसेक वर्षे गेली.

ओदिल आता नव्वदीच्या घरात होती आणि मार्सियालकडेच राहत होती. तिचे हात कापू लागले होते. एका रविवारी तिच्या हातून पेला निसटला आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल वाइन पसरली. सून म्हणाली, "असू दे आई, काही नाही." पुढच्या रविवारी पुन्हा पेला फुटला. त्यानंतर ओदिल म्हणू लागली, "मला वाइन नको, पित्त होतं." मग म्हणू लागली, "माझं खोलीतच आणून द्या, भूक नाही." ज्या बाईने चाळीस गावांच्या वाइन चाखल्या, ती खोलीत एकटी दूधपाव खाऊ लागली. सगळ्यांना वाटले, वय झाले.

मार्सियालला ते खुपत होते, पण उपाय सुचत नव्हता. एका शनिवारी सिगारेट विझवायला त्याने हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदाच नीट पाहिले. मला उचलून वजन अजमावले, जमिनीवर टाकून बघितले. मी टणकन वाजले आणि होते तशी राहिले.

त्याने माझ्यातली राख फेकली नाही. तीच राख ओल्या फडक्यावर घेऊन तो मला घासत बसला, अर्धा तास. मी काळ्याची राखाडी झाले, राखाडीची पांढरी.

रविवारी त्याने आईला हात धरून पंगतीत आणले आणि मला तिच्या ताटाशेजारी ठेवले. तळाशी दोनच घोट वाइन. ओदिलने मला पाहिले.  दोन्ही हातांनी मला उचलले. हात कापत होते, मीही कापत होते, दोन थेंब सांडले. तिने ते बोटाने टिपून चाटले. मग मला नाकाशी नेले आणि बराच वेळ तशीच बसली.

"कोणी केलंय हे मांस?" तिने विचारले.

"मी," सून जरा घाबरून म्हणाली.

"मांस छान झालंय. पण वाइन चुकलीय. ही अंड्यांची आहे." मग मार्सियालकडे वळून तिने मला पुढे केले. "बघतोस काय? दुसरी बाटली उघड."

मित्रांनो, आता मी दर रविवारी टेबलावर असते. तुमच्या घरातही माझ्यासारखे एखादे जुने भांडे कुठेतरी कोपऱ्यात पडले असेल. त्याला काढा, घासा, पण शोभेसाठी काचेमागे ठेवू नका. आणि घरातले एखादे म्हातारे माणूस "भूक नाही" म्हणून पंगतीतून उठू लागले, तर त्याचे म्हणणे लगेच खरे मानू नका. आधी त्याच्या हातांकडे पाहा. त्याच्या हातून फुटणार नाही असे काहीतरी शोधा, ते त्याच्यापुढे ठेवा, आणि जागेवर बसवून विचारा, "आज चव कशी झालीय?"